गोट्यावरची झोप

५ डिसेंबर २०१८

नणंदबाई आल्या. फोन नाही, निरोप नाही — थेट फाटकाशी रिक्षा! मी ओट्यावर चिकू निवडत बसले होते, हात चिकाने चिकट, केस कसेतरी. एक मोठी बॅग, एक छोटी, आणि काखेत उशी. चार दिवसांसाठी येणारं माणूस उशी घेऊन येत नाही.

"भूकंप गं निलम," मयुराताई म्हणाल्या. "तलासरीला रोज हादरतंय. थांबेपर्यंत इथेच राहते."

थांबेपर्यंत! भूकंपाला काय शाळेसारखी सुट्टी लागते?

हादरे आम्हाला चिखल्यालाही बसतात. गेल्या आठवड्यात फळीवरची परात खाली आली. म्हणून आम्ही उशी घेऊन कुणाकडे गेलो नाही.

तात्यांच्या — माझ्या सासऱ्यांच्या — अंगावर मात्र मूठभर मांस चढलं. "मयूला चहा टाक. मयूला पुढची खोली दे." जतीन संध्याकाळी वाडीतून आला, बहिणीला बघितलं, "बरं केलंस आलीस" म्हणाला आणि टीव्ही लावला. माझ्या नवऱ्याच्या हिशोबाने हे भाषणच झालं.

लेक नाशिकला वसतिगृहात. घरात आम्ही तिघं. कशी शांतता होती!

७ डिसेंबर

दारं!! सकाळी उठले तर पुढचं दार सताड उघडं, मागचं दार सताड उघडं, आमच्या खोलीचंसुद्धा! मांजराने दूध सांडलंय, कुत्रा स्वयंपाकघरात पसरलाय, कोंबड्या ओटा घाण करून गेल्यात. मी ओरडले — कोणी उघडली?

"मी," ताई म्हणाल्या. चेहरा असा की जणू उपकार केलेत. "भूकंप आला तर पळता यायला नको?"

जतीन म्हणाला, बरोबर आहे. तात्या म्हणाले, बरोबर आहे. या घरात सगळ्यांचं बरोबर असतं. फक्त फरशी पुसणारीचं चुकतं.

९ डिसेंबर

आज नवीन खूळ. "निलम, मला गोट्यावर घेऊन चल."

चिखल्याची चौपाटी एवढी लांबलचक, छान रेती, सुरूची सावली. लोक मुंबईहून गाड्या घेऊन येतात. तिथे नाही जायचं! तर जिथे रेती संपते आणि काळे खडक हातासारखे समुद्रात जातात, त्या खडकांच्या कुशीत एवढीशी जागा आहे — तिथे जायचं. रेतीचा कण नाही. नुसते गोल गोटे, मुठीएवढे, अंड्याएवढे. वारा लागत नाही, आणि लाट येते तीही दमून आल्यासारखी. सगळे त्या जागेला गोटाच म्हणतात. ताई आणि जतीन लहानपणी तिथे खेळायचे म्हणे. मला लग्नानंतर कुणी एकदाही नेलं नव्हतं, आणि नेलं नाही तेच बरं. धड चालता येत नाही, धड बसता येत नाही, आणि जायची वाट फक्त ओहोटीला मोकळी.

स्कूटर सुरूच्या बनात लावली. खडकांना वळसा घालून, चपला हातात घेऊन, लंगडत लंगडत पोचलो. ताईंनी पदर खोचला, इकडेतिकडे बघितलं, छोटी बॅग डोक्याखाली घेतली आणि — आडव्या झाल्या! मला वाटलं चक्कर आली. वाकून बघते तर घोरतायत!

मी बसले. एका गोट्यावरून दुसऱ्या गोट्यावर सरकत. टोचत नाही असा गोटा देवाने केलेलाच नाही. वाटाणे सोलायचे राहिलेले, तात्यांच्या चहाची वेळ झालेली, आणि मी इथे नणंदेचं घोरणं ऐकतेय.

पाणी जवळ यायला लागलं तेव्हा हलवून उठवलं. म्हणाल्या, "उद्या स्वतःला चटई आण."

उद्या!!

१० डिसेंबर

गेलो. झोपल्या.

११ डिसेंबर

गेलो. झोपल्या. मला चिलटं चावली.

१६ डिसेंबर

आज मुद्दाम उकडहंडी केली. म्हटलं, तलासरीला असं कुठे मिळत असेल! कोनफळ, सुरण, पापडी, सगळं घातलं. ताईंनी दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "आई ओवा जास्त घालायची." तात्यांनी मान डोलावली — हो, हो, ओवा कमी पडला. इतकी वर्षं माझी उकडहंडी बोटं चाटून खाणारा माणूस!

आणि झोपेचं काय समजायचं? पुढच्या खोलीत गादी दिलीय, नवी चादर दिलीय, मच्छरदाणी दिलीय. गादी सकाळी जशीच्या तशी. वाडीत कामाला येणारी रूपी म्हणाली, "बाय, तुजी नणंद रातची ओट्यावर फिरत असते. मी पहाटची येते तवा जागीच. नींद नाय तिला." आणि हसली — "भूत लागला काय?"

रात्रभर जागायचं आणि दुपारी दगडांवर जाऊन घोरायचं. बरं, एकटीने जा ना! वाट माहीत आहे, पाय धड आहेत. नाही. "निलम, चल ना." त्या जतीनला कधी म्हणत नाहीत. मीच सापडले.

२२ डिसेंबर

चौपाटीवर का जात नाहीत ते आज कळलं. डहाणूच्या बाजारात भाजी घेत होतो. गल्लीतली तानीमावशी भेटली — जिला गावातल्या प्रत्येक घरातलं मीठ किती खारट ते माहीत असतं. "अगं मयुरा! किती दिवस आहेस? विनोदराव नाही आले? अजून आहेस? अजून?" ताईंनी मेथीची जुडी हातात घेतली होती, तिचे देठ खुडत राहिल्या. एक एक. भाजीवाला ओरडला. ती खुडलेली जुडी मला विकत घ्यावी लागली!

चौपाटीवर अशा दहा तानीमावश्या बसलेल्या असतात. गोट्यावर कोणी नसतं.

ते ठीक. पण मग मला कशाला?

३१ डिसेंबर

आज गोट्यावर आमच्या आधी माणसं! मुंबईची दोन जोडपी, मोठा स्पीकर, चिप्सची पाकिटं, एक मुलगा गोट्यांवर गोटे रचून फोटो काढतोय. मला मनातून बरंच वाटलं. म्हटलं चला, आज सुटका. घरी जाऊन पाय पसरते.

ताई पुढे गेल्या. मी पदर ओढला तरी गेल्या. शांतपणे म्हणाल्या, "इथे साप निघतात."

"साप?"

"समुद्राचे. दगडाखाली असतात. थंडीत वर येतात ऊन खायला. कालच एकीला चावला." आणि माझ्याकडे बोट दाखवलं!

मला काय करावं सुचेना. मी लंगडले. काय करू? तोंडातून आपोआप "आई गं" निघालं. पाच मिनिटांत गोटा रिकामा. ताई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की खडकाला धरून खाली बसल्या. त्यांना असं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही.

मग झोपल्या. चिप्सची पाकिटं मी गोळा केली. अर्थात.

१५ जानेवारी २०१९

संक्रांत. तिळगूळ वाटून हात दुखले. आकाशभर पतंग, तात्या ओट्यावरून "काट! काट!" ओरडतायत.

एक गोष्ट आज खटकली. तलासरीहून फोन नाही. सणाचासुद्धा नाही. ताई आल्यापासून त्यांच्या नवऱ्याचा, विनोदरावांचा, एकही फोन नाही, माणूस तर दूरच. तलासरी काय अमेरिकेत आहे?

जतीनला विचारलं. "त्यांचं त्यांना माहीत." तात्यांना विचारलं. "हार्डवेअरचं दुकान आहे, सोडून येणार कसा? गरीब माणूस आहे तो, एका शब्दाने वाकडा नाही." ताईंना विचारायला गेले तर म्हणाल्या, "तिळगूळ कडक झालाय."

कडक झालाय! मग स्वतः करायचा होता!

पोटातून राग येतो. काही सांगायचं नाही, आणि रोज मला दगडांवर नेऊन बसवायचं.

२१ जानेवारी

नीट लिहायला पाहिजे.

आज गोट्यावर माझाच डोळा लागला. ताईंना झोपलेलं बघून बघून मलाही पेंग आली असणार. जाग आली ती पायाला पाणी लागलं म्हणून. वाट बुडालेली! खडकाला वळसा घालायचा तिथे छातीएवढं पाणी असेल. आम्ही दोघी मागे सरकत सरकत वरच्या गोट्यांवर जाऊन बसलो. तिथपर्यंत भरतीचं पाणी येत नाही, बुडायची भीती नव्हती. पण पाणी उतरेपर्यंत अडकलो ते अडकलोच. फोन स्कूटरच्या डिकीत.

माझं डोकं फिरलं. इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. "घरी गादी आहे ताई! मच्छरदाणी आहे! तिथे झोपायचं नाही आणि इथे दगडांवर येऊन घोरायचं! आणि मी? मी काय तुमची राखणदार आहे?"

"हो," त्या म्हणाल्या.



"राखणदारच आहेस. तू शेजारी कुरकुरत बसलेली असतेस ना, म्हणून झोप लागते. वर आभाळ असतं, दार नसतं. आणि काही झालंच तर तू मला टाकून जाणार नाहीस. बडबड करशील, पण उठवशील."

मग सांगायला लागल्या. पाण्याकडे बघत. मध्येच थांबत.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी शेजारी कुणाची हळद होती. ताई न विचारता गेल्या, उशिरा आल्या. विनोदराव रागावले नाहीत, ओरडले नाहीत. फक्त त्या रात्री ताईंच्या खोलीला बाहेरून कडी लागली. दुसऱ्या रात्री पण. मग रोज. ते स्वतः पुढच्या खोलीत झोपतात. सकाळी चहाच्या वेळी सासू येऊन कडी काढते.

"इतकी वर्षं?"

"सवय होते गं. पाण्याचा तांब्या घेऊन आत जायचं. कोपऱ्यात बादली. कुणाला सांगणार? मारत नाही, दारू पीत नाही. लोक म्हणतील, एवढंच ना?"

"मग आत्ताच का?"

ताईंनी एक गोटा उचलून पाण्यात टाकला.

"नोव्हेंबरात तो हादरा बसला ना रात्री. कपाट हललं, वरून माती पडली. ते दोघं ओरडत बाहेर पळाले. मी दार बडवलं. खूप बडवलं. मग खिडकीशी गेले. खिडकीला गज आहेत, पण अंगण दिसतं. सगळी आळी जमलेली. कोणीतरी विचारलं, सगळे आहात ना? आणि आमच्या सासूबाई म्हणाल्या — हो बाई, देवाची कृपा, सगळे बाहेर आलो."

सगळे.

"त्यांनी मुद्दाम नाही केलं, निलम. मी त्यांच्या लक्षातच नव्हते. ते ऐकल्यावर मी ओरडायचीच थांबले. काय ओरडायचं? पुन्हा एकदा हललं, मी खाटेखाली गेले. सकाळी चहाच्या वेळी कडी निघाली. रोजच्यासारखी."

मी माझी चटई त्यांच्याकडे सरकवली.

"भूकंपामुळे आले म्हणाले होते ना? खोटं नाही बोलले."

पाणी उतरायला अंधार पडला. जतीन टॉर्च घेऊन खडकांवर शोधत होता. "काय बायका आहात," एवढंच म्हणाला. ताईंनी वाटेत माझा हात घट्ट धरला. "कुणाला सांगायचं नाही. तात्यांना तर नाहीच नाही. स्थळ त्यांनी शोधलं होतं. या वयात त्यांना हे नको."

मी हो म्हणाले.

२२ जानेवारी

रात्री आमच्या खोलीचं दार मीच उघडं ठेवलं. जतीनने विचारलं, आता तुला काय झालं? म्हटलं, हवा यायला.

२ फेब्रुवारी

काल दिवसभर हादरे! सकाळी, दुपारी — दुपारचा तर असा की ओट्याचा खांब धरून उभी राहिले आणि खांबच थरथरतोय! देवघरातला लामणदिवा गोल गोल फिरत होता. रूपी रडत आली, तिच्या बहिणीचा पाडा धुंदलवाडीकडे आहे, तिथे घरांना हात जाईल एवढ्या भेगा. जतीनने तिला मोटरसायकलवर सोडलं.

सगळी आळी बाहेर झोपली. आम्हीही चिकूच्या झाडांमध्ये ताडपत्री टाकली. तात्या खोकतायत, जतीन डास मारतोय, मी जरा पान पडलं तरी उठून बसतेय. आणि ताई? गाढ! उताणी! सकाळी उन्हं तोंडावर आली तरी उठेनात. उठल्या आणि म्हणाल्या, "काय छान झोप लागली."

सगळ्या जिल्ह्याची झोप उडाली आणि आमच्या नणंदबाईंना लागली! मी चिडायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

१० फेब्रुवारी, रविवार

मी घाण केली.

सकाळी पांढरी गाडी आली. विनोदराव, त्यांची आई, आणि कोणी एक काका. विनोदरावांनी तात्यांच्या पाया पडून फरसाणाचा पुडा हातात ठेवला. मी पोहे टाकले.

ताईंच्या सासूबाईंनीच सुरुवात केली. "साऱ्या तलासरीची घरं हलतायत. म्हणून काय साऱ्या बायका माहेरी जाऊन बसल्या? आम्ही म्हातारी माणसं तिथेच आहोत ना?"

काका म्हणाले, "लोक विचारतात हो. किती दिवस काय सांगायचं?"

विनोदराव म्हणाले, "मी कधी हात लावला असेल तर विचारा. आवाज चढवला असेल तर विचारा. तिच्यासमोरच विचारा."

ताई चटईवर बसल्या होत्या. साडीच्या काठाचा एक दोरा निघाला होता, तो बोटाला गुंडाळत होत्या. बोट पांढरं झालं होतं. जतीन मोबाइलमध्ये बघत होता — काही नव्हतं त्यात, मला माहीत आहे, तो असाच बघतो.

तात्या म्हणाले, "मयू, माणसं एवढी आलीत. बॅग भर बाळा. बाईचं घर तेच."

आणि ताई उठल्या! खरंच बॅग भरायला आत गेल्या!

मी चहाचा ट्रे घेऊन उभी. तोंडातून निघून गेलं. "ताईंच्या खोलीला बाहेरून कडी का लावता?"

काकांनी घेतलेला पोह्याचा घास तसाच राहिला.

विनोदराव म्हणाले, अगदी सावकाश, "तिला झोपेत चालायची सवय आहे वहिनी. तिच्यासाठीच लावतो."

"दोन महिने इथे आहेत. झोपतच नाहीत, तर झोपेत चालतील कुठून?" मी म्हटलं. "आणि नोव्हेंबरात जमीन हलली तेव्हा तुम्ही दोघं अंगणात होतात. कडी कोणी काढली? कधी काढली?"

"अहो, त्या धावपळीत राहून गेलं!" सासूबाई म्हणाल्या. "जीव मुठीत धरून पळालो आम्ही. कुणाला आठवतं?"

राहून गेलं. दूध झाकायचं राहून जातं तसं!

तात्यांनी कप न पिताच बाजूला सारला. जतीनने मोबाइल खाली ठेवला.

ताई दारात उभ्या होत्या. बॅग हातात. असा चेहरा मी त्यांचा बघितला नव्हता. "निलम," त्या म्हणाल्या, "तुला सांगितलं होतं ना? एकच गोष्ट सांगितली होती." मग त्या लोकांकडे वळल्या. "चला."

जतीन उठला, "ताई, थांब जरा—"

"चला म्हटलं ना!"

गाडीत मागे बसल्या. काच वर केली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पोहे कुत्र्याला घातले.

११ फेब्रुवारी

तात्या जेवले नाहीत. ओट्यावर बसून आहेत. मी पाणी द्यायला गेले तर म्हणाले, "स्थळ मी बघितलं होतं." एवढंच. पुन्हा थोड्या वेळाने, मी तिथे नसताना, तेच. रूपी सांगत होती.

हेच ताईंना नको होतं. हेच मी केलं.

१२ फेब्रुवारी

जतीनला म्हटलं, जा आणि घेऊन ये. म्हणाला, "ती स्वतःहून गेली. सगळ्यांसमोर गेली. कोणत्या तोंडाने आणू?" मी म्हटलं, याच तोंडाने आण, दुसरं आहे का तुझ्याकडे? भांडलो. लग्नानंतर पहिल्यांदा तो माझ्यावर ओरडला. "मला आधी का नाही सांगितलंस? माझी बहीण आहे ती!"

खरं आहे त्याचं. पण त्याने तरी कधी विचारलं? टीव्ही बंद करून एकदा तरी विचारलं?

१४ फेब्रुवारी

फोन लावला. उचलत नाहीत.

१५ फेब्रुवारी

फोन लावला. उचलला! मागे कसला तरी ठोकाठोकीचा आवाज. "मी बरी आहे. सारखा फोन करू नकोस." ठेवला.

बरी आहे म्हणजे काय? कुठल्या खोलीत बरी आहे? मी इथे रडतेय आणि बाईसाहेब म्हणतात फोन करू नकोस! आता मला राग आलाय. बरं वाटतंय राग आल्यावर.

१७ फेब्रुवारी

एकटीच गोट्यावर गेले. म्हटलं, बघूया तरी एवढं काय आहे तिथे. आडवी झाले. पाठीत एक, मानेत एक, बरगडीत दोन. डोळे मिटून पडून राहिले. झोप आली नाही. कशी येणार? शेजारी कुरकुरायला कोणी नव्हतं.

जतीन येताना दिसला. खडकांवरून, चपला हातात घेऊन. शेजारी बसला. बराच वेळ एक गोटा या हातातून त्या हातात करत होता. मग म्हणाला, "लहानपणी लपाछपीत ताईला एकदा इथे विसरून मी घरी गेलो होतो. आईने मारलं होतं मला." थोड्या वेळाने म्हणाला, "गुरुवारी तलासरीला जाऊ. मी बोलेन."

तो बोलणार! बघू.

२० फेब्रुवारी

फाटकाशी टेम्पो. ताई ड्रायव्हरशेजारी बसलेल्या! मागे शिलाई मशीन, लोखंडी कपाट, पितळेचा हंडा, आईकडून आलेली तांब्याची घागर. मी धावले. "अहो, त्यांनी येऊ कसं दिलं?"

"दिलं कुठे? दिवसाढवळ्या भरलं सामान, सगळ्या आळीसमोर. तू कडीचं बोललीस ते काकांनी गावभर केलं, मग अडवणार कोण? सामान आणायला एकटी गेले असते तर फाटकात घेतलं नसतं त्यांनी. म्हणून त्यांच्याच गाडीतून गेले."

"आणि रात्री?"

"ओट्यावर. सगळी तलासरी बाहेरच झोपतेय सध्या."

माझ्यावर रागावल्यात की नाही कळत नाही. विचारलं तर म्हणाल्या, "रागावलेच आहे. चहा टाक."

मी मशीनला हात घातला तर ओरडल्या. "ते इथे नाही उतरायचं! आशागडला खोली घेतलीय. शाळेच्या गणवेशांचं काम मिळालंय. तू चल लावायला, जतीन कपाट चढवेल."

चहा उकळतोय. खिडकीतून दिसतंय — तात्या काठी टेकत टेम्पोपर्यंत गेले, दाराशी उभ्या ड्रायव्हरला बाजूला सरकायला लावलं आणि पुढच्या सीटवर चढून बसले. चपला ओट्यावरच आहेत.